सांगता येत नाही, सांगवत नाही

या लेखात एका प्रश्नावलीचं समीक्षण करायचं आहे. विधानं फक्त वीस. प्रत्येकापुढे पाच घरं, अजिबात पटत नाही इथपासून पूर्ण पटतं इथपर्यंत. साहित्याच्या नियतकालिकात एवढ्याशा मजकुराला जागा कशाला, असं कुणी विचारील. पण 'टोरंटो अलेक्सिथायमिया स्केल' नावाचा हा मजकूर जगातल्या कितीतरी भाषांत गेला आहे. माणसाला स्वतःच्या भावना ओळखता येतात का आणि ओळखल्या तर शब्दांत सांगता येतात का, हे मोजायचा त्याचा दावा आहे. आम्हा समीक्षकांचा धंदा याहून फार निराळा नाही. फरक एवढाच की आम्ही आकडा काढत नाही.

दुसरं कारण माझ्या गावचं आहे. १९९६ साली 'जर्नल ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजी'त या मापनीच्या हिंदी भाषांतरावरचा निबंध प्रसिद्ध झाला. लेखक चार: राकेश पांडे, मानस मंडल, ग्रीम टेलर, जेम्स पार्कर. पहिले दोघे इथल्या बनारस हिंदू विद्यापीठातले, शेवटचे दोघे कॅनडातले, मूळ मापनीच्या कर्त्यांपैकी. म्हणजे 'मला काय होतंय ते कळत नाही' हे वाक्य शास्त्राच्या हिंदीत कसं लिहायचं याचा खल वाराणसीत झाला. मी इथंच राहते. घरी मराठी, गल्लीत बनारसी बोली, कामाला हिंदी आणि कागदावर इंग्रजी असा माझा दिवस जातो. त्यामुळे या भाषांतराकडे मी मानसशास्त्राची वाचक म्हणून कमी आणि भाषांतरकार म्हणून जास्त पाहते.

आधी मूळ संकल्पना. १९६३ साली फ्रान्समध्ये पिएर मार्ती आणि मिशेल द म्युझां या मनोविश्लेषकांनी काही रुग्णांच्या बोलण्याचं वर्णन केलं. ही माणसं तपशील नेमके सांगत, पण त्या बोलण्यात स्वप्न, कल्पना, इच्छा यांचा मागमूस नसे. या विचारपद्धतीला त्यांनी कामापुरता, यंत्रासारखा विचार अशा अर्थाचं नाव दिलं. अमेरिकेत बोस्टनमध्ये जॉन नेमाया आणि पीटर सिफनिऑस यांना शारीरिक तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांत तसंच काही दिसलं. सिफनिऑस मूळचे ग्रीक. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या मायबोलीतून शब्द जुळवला: 'अ' म्हणजे नाही, 'लेक्सिस' म्हणजे शब्द, 'थायमॉस' म्हणजे भावना, किंवा आपण जिला ऊर्मी म्हणू ती. भावनेसाठी शब्द नसणं. टोरंटोच्या मंडळींनी १९८५ साली यावर २६ विधानांची मापनी केली, पुढे ती घासूनपुसून १९९४ साली २० विधानांवर आणली. तीच आज सगळीकडे चालते.

वीस विधानांचे तीन गट आहेत. सात विधानं भावना ओळखण्यातल्या अडचणीची, पाच ती सांगण्यातल्या अडचणीची आणि आठ 'बहिर्मुख विचारा'ची, म्हणजे आत डोकावण्यापेक्षा बाहेरच्या घडामोडींतच रमणाऱ्या स्वभावाची. गुण २० ते १००. ६१ किंवा जास्त आले तर अलेक्सिथायमिया, ५१ किंवा कमी आले तर नाही, मधले ते शंकास्पद. पाच विधानं उलटी आहेत. त्यांना होकार दिला की गुण घटतात, म्हणजे डोळे मिटून सगळीकडे 'पटतं' म्हणणारा पकडला जातो.

पहिल्या गटाबद्दल मला फारसं भांडण नाही. अस्वस्थ झाल्यावर आपण दुःखी आहोत, घाबरलो आहोत की रागावलो आहोत हे न कळणं हा खरा अनुभव आहे आणि तो काहींना कायमचा छळतो. ऑटिझम असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांत हा गुणांक उंबरठ्यापलीकडे जातो असं आता दिसून आलं आहे. 'हा थंड आहे, याला कुणाचं काही वाटत नाही' असा शिक्का ज्यांच्यावर जन्मभर बसला, त्यांना 'वाटतं, पण काय वाटतं ते उमगत नाही' असं म्हणायची सोय या ग्रीक शब्दानं करून दिली. एका शब्दानं एवढं केलं तरी पुष्कळ.

तिसरा गट मात्र साहित्याच्या वाचकानं मुद्दाम पाहावा. त्यातल्या एका विधानाचा आशय असा, की मानसिक गुंतागुंतीच्या नाटकांपेक्षा मला हलकेफुलके कार्यक्रम बघायला आवडतात. दुसऱ्याचा आशय असा, की नाटक-सिनेमात दडलेले अर्थ शोधत बसलं की त्यातली गोडी जाते. दोन्हींना 'पूर्ण पटतं' म्हटलंत तर तुमचे गुण वाढले. म्हणजे अभिरुची हे इथं लक्षण झालं. दिवसभर हातगाडी ओढून रात्री विनोदी मालिका बघणारा माणूस आणि बर्गमनचे सिनेमे बघणारा प्राध्यापक यांच्यात भावनेची जाण कुणाला अधिक, याचा निकाल प्रश्न छापतानाच लागलेला आहे.

आणि दडलेल्या अर्थाचं काय? गंगेपलीकडे रामनगरला महिनाभर रामलीला चालते. बघणाऱ्यांना पुढचं सगळं ठाऊक असतं. रोज तिथं जाणारी माणसं मी पाहिली आहेत. राम वनवासाला निघाला की त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, आणि तिथं कुणी दडलेला अर्थ शोधत नसतं. शोधायला लागलं तर रसभंग होईल असं त्यांतला कुणीही सांगेल, आणि जुन्या साहित्यशास्त्राचीही त्याला साक्ष मिळेल. मापनीनुसार मात्र ही उत्तरं वाईट बाजूची आहेत. ती मापनी वापरणाऱ्यांनाही हा गट सतावतो. वेगवेगळ्या भाषांतल्या भाषांतरांत तीन घटकांची ही मांडणी बहुतेक ठिकाणी टिकली, पण तिसऱ्या घटकातली विधानं एकमेकांशी नीट जुळत नाहीत असं पुन्हा पुन्हा आढळलं. मला याचं नवल वाटत नाही. पहिले दोन गट अनुभवाबद्दल विचारतात, तिसरा संस्काराबद्दल. साठच्या दशकातल्या पॅरिसमधल्या दवाखान्यात चांगला रुग्ण कसा बोलावा याची जी कल्पना होती, तिचा अवशेष या आठ विधानांत राहिला आहे.

आता भाषांतराकडे. अशा कामात सहसा उलट-भाषांतराची पद्धत वापरतात. एकानं इंग्रजीतून हिंदीत न्यायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं हिंदीतून पुन्हा इंग्रजीत आणायचं आणि दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून पाहायचे. जुळले तर भाषांतर उत्तम. साहित्याच्या भाषांतरकाराला हे ऐकून हसू येईल, पण पद्धत अगदीच टाकाऊ नाही, ढोबळ चुका तिच्यात सापडतात. तिचा दोष वेगळा आहे. मूळ भाषेत नसलेले भेद लक्ष्यभाषेत असतील तर ते तिला दिसतच नाहीत.

उदाहरण घेते. जवळच्या मित्रांनाही मनातलं खोल असं काही सांगणं मला कठीण जातं, या आशयाचं एक विधान मापनीत आहे. ते मराठीत आणायचं झालं तर कसं आणाल? 'सांगता येत नाही' म्हणाल, तर त्यात निदान तीन अर्थ आहेत: शब्द सापडत नाहीत, सांगायची मुभा नाही, आणि 'काय सांगता येत नाही बुवा' मधला, नक्की माहीत नाही हा अर्थ. 'सांगवत नाही' म्हणाल, तर अर्थ एकदम नेमका होतो. शब्द आहेत, काय सांगायचं ते ठाऊक आहे, ऐकणाराही समोर बसला आहे, पण ते तोंडातून बाहेर काढण्याचं बळ नाही. व्याकरणात आपण याला शक्य क्रियापद म्हणतो: चालवत नाही, बघवत नाही, सांगवत नाही. 'सांगावंसं वाटत नाही' हा तिसरा पर्याय, इथं बळ आहे पण इच्छा नाही. 'सांगू नये' हा चौथा. त्यात घर आलं, अब्रू आली, नात्यातलं अंतर आलं. हिंदीतही 'कह नहीं पाता', 'कहा नहीं जाता', 'कहते नहीं बनता' यांची वजनं वेगवेगळी आहेत.

हे चारही पर्याय उलट-भाषांतरात परत गेले की इंग्रजीत बहुधा एकच वाक्य उरेल. ताडून पाहणारा म्हणेल, जुळलं. पण उत्तर देणाऱ्याच्या दृष्टीनं ही चार वेगळी विधानं आहेत. ज्याला सांगता येत नाही त्याच्यात काही उणीव आहे असं मानता येईल. ज्याला सांगवत नाही त्याला आपली भावना अगदी नीट ओळखता आली आहे, इतकी की तिच्याजवळ जाववत नाही. या दोघांना एकाच घरात खूण करायला लावून एकच गुण देणं ही मोजमापाची चूक आहे. आणि ती दाखवायला टोरंटोला जायची गरज नाही, मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'च्या वाचकाला ती दिसेल.

हे शब्दच्छल वाटू नये म्हणून इथली एक हकीकत सांगते. दुर्गाघाटाजवळच्या मराठी घरांपैकी एका घरातल्या वृद्ध काकू. यजमान जाऊन सहा महिने झाले होते. जेवण जाईना, रात्री छातीत धडधड, हातपाय गार. मी त्यांना एका दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर घाईत होते पण भले होते. त्यांनी विचारलं, "माताजी, कोई टेन्शन?" काकू म्हणाल्या, "नहीं." पुढे विचारलं, "मन उदास रहता है?" काकूंनी थोडा विचार केला आणि पुन्हा "नहीं" म्हणाल्या. मग पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. बाहेर रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "काकू, अहो नाही का म्हणालात?" त्या म्हणाल्या, "उदास नाही गं मी. त्यांच्या वेळेला चहाचं आधण ठेवते आणि मग हातात काही राहत नाही. पोटात नुसतं तुटतं." आणि जरा थांबून, "हे त्या परक्या माणसाला काय सांगायचं?"

या बाईंना भावना ओळखता येत नव्हती असं म्हणायची माझी तयारी नाही. 'उदास' हे नाव त्यांनी नाकारलं कारण ते त्यांना ढिलं वाटलं. जे होतं ते त्यांनी वेळेसकट, भांड्यासकट सांगितलं. पण मापनीत खुणा केल्या असत्या तर? शरीरात काहीतरी होतं आणि ते डॉक्टरांनाही कळत नाही: पटतं. भावनांपेक्षा रोजच्या व्यवहारांबद्दल बोलणं बरं वाटतं: पटतं. जवळच्यांनाही आतलं सांगणं जड जातं: पूर्ण पटतं. गुण चढतच गेले असते. मॉन्ट्रियलचे मानसोपचारतज्ज्ञ लॉरेन्स किर्मायर यांनी १९८७ सालीच लिहिलं होतं, की अलेक्सिथायमियाकडे एका माणसाच्या डोक्यातला दोष म्हणून न पाहता सामाजिक आणि सांस्कृतिक प्रक्रिया म्हणून पाहायला हवं. कोण कुणाशी, कुठल्या भाषेत, कशासाठी बोलतो आहे यावर शब्द सापडणं अवलंबून असतं. पुढे १९९६ साली, म्हणजे हिंदी भाषांतर आलं त्याच वर्षी, केनेथ डिऑन यांनी टोरंटोतल्याच विद्यार्थ्यांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. इंग्रजी मायबोली नसलेल्या चिनी विद्यार्थ्यांचे गुण इंग्रजी मायबोली असलेल्या युरोपीय वंशाच्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त आले होते. भाषा आणि तिच्यामागचं जग गुणांत उतरतं ते असं.

'भावना' या शब्दाबद्दलही थोडं बोलायला हवं. मराठीत सामान्य माणूस स्वतःबद्दल बोलताना हा शब्द क्वचित वापरतो. वर्तमानपत्रांत भावना भेटतात त्या अनेकवचनी, सामूहिक आणि बहुतेक वेळा दुखावलेल्या. 'माझ्या भावना' म्हटलं की सिनेमातला संवाद वाटतो. श्याम मनोहरांच्या एका कादंबरीचं नावच 'खेकसत म्हणणं आय लव्ह यू' असं आहे. त्या तीन इंग्रजी शब्दांना मराठी तोंडात खेकसण्याची जोड लागते, हे निरीक्षण कुठल्याही मापनीपेक्षा तीक्ष्ण आहे. रोजच्या बोलण्यात आपलं काम चालतं ते मन, जीव, काळीज, पोट यांवर, आणि त्यांच्यातही वाटण्या आहेत. अपमान मनाला लागतो, काळजी जिवाला लागते, धक्का बसला की काळजात चर्र होतं आणि माया पोटातून येते. शिवाय आपल्या वाक्यात भावनेचा मालक कर्ता नसतो. 'मला राग आला', 'मला भीती वाटली': राग येतो, भीती वाटते, आपण नुसते 'मला' होऊन उभे. मापनीतला इंग्रजी 'मी' मात्र बहुतेक वाक्यांत कर्ता आहे, स्वतःच्या आतल्या कोठाराचा किल्लीवाला. किल्ली लागत नाही ही त्याची तक्रार. आपल्याकडे दार बाहेरून ठोठावलं जातं.

दुसरी एक मापनी आहे, तिचा मला अधिक हेवा वाटतो आणि रागही येतो. रिचर्ड लेन आणि गॅरी श्वार्ट्झ यांनी १९८७ साली भावनिक जाणिवेच्या पातळ्यांची मांडणी केली आणि त्यावर पुढे चाचणी तयार झाली. इथं खुणा करायच्या नाहीत. वीस छोटे प्रसंग दिलेले असतात. प्रत्येकात तुम्हाला काय वाटेल आणि समोरच्याला काय वाटेल, ते आपल्या शब्दांत लिहायचं. परीक्षक ते शब्द तपासून पातळी ठरवतो. हे तर चक्क काव्यपरीक्षण झालं! तळाशी शरीराच्या संवेदना, त्यावर कृती करण्याची ओढ आणि 'बरं वाटलं', 'वाईट वाटलं' अशा मोघम अवस्था, त्यावर राग, दुःख अशी एकेक स्पष्ट भावना, त्यावर मिश्र भावना आणि सर्वांत वर स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मिश्र भावनांतला फरक.

स्वतःची आणि दुसऱ्याची भावना वेगळी धरणं ही वरची पायरी, हे मला पटतं. चांगली कादंबरी तेच करते. पण खालची उतरंड बघा. मराठी माणसानं 'पोटात गोळा आला' लिहिलं तर तो तळाला. 'वाईट वाटलं' लिहिलं तरी मोघमात. पण मराठीत 'वाईट वाटणं' मोघम कुठं आहे? दुसऱ्याचं दुःख पाहून होतं ते, आपल्याला डावललं गेल्यावर होतं ते, जुनं घर पाडताना होतं ते. संदर्भ धरला की अर्थ पक्का. आणि 'पोटात गोळा येणं' ही शरीराची बातमी नाहीच. ती भीती आहे, तीही अजून न घडलेल्या गोष्टीची. पोटात कालवणं वेगळं, पोटात तुटणं वेगळं, पोटात ढवळणं वेगळं, आणि शेवटचंच तेवढं खाण्याशी संबंधित असण्याचा संभव. या वाक्प्रचारांना शरीरसंवेदना म्हणून तळाला टाकणारा परीक्षक भाषा ऐकत नाही, शब्दकोशातला पहिला अर्थ वाचतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात एकूण ४९ भाव सांगितले आहेत: आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक. सात्त्विक म्हणजे घाम, रोमांच, कंप, आवाज फुटणं, रंग उडणं, अश्रू आणि तसलेच. त्यांना भावांच्या यादीतच जागा दिली आहे. आणि आणखी एक गोष्ट वाराणसीत संस्कृत साहित्यशास्त्र शिकणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते. मम्मटाच्या काव्यप्रकाशात रसदोषांच्या यादीत 'स्वशब्दवाच्यता' आहे, म्हणजे भावाचं नाव घेऊन भाव सांगणं. 'तिला लाज वाटली' असं लिहिणारा कवी नापास. टोरंटोत जे न जमणं हे लक्षण, ते इथं जमवणं हा दोष.

हा विरोध ऐकायला छान आहे, म्हणूनच त्याला लगेच लगाम घालते. कवी नाव घेत नाही, पण त्याला ते ठाऊक असतं. ज्याला ठाऊकच नाही त्याचं मौन म्हणजे ध्वनी नव्हे. काशीच्या कबीरांशी जोडली गेलेली मुक्याच्या गुळाची उपमा आपण अनुभवाच्या थोरवीसाठी वापरतो. मुका गूळ खातो, गोडी सांगू शकत नाही, पण त्याला ती कळलेली असते. मापनीचा पहिला गट ज्यांच्याबद्दल आहे त्यांना तोंडात काय आहे तेच कळत नाही. या दोघांना एकच समजून 'आपली परंपरा मौनाचा आदर करते' असं म्हणत सुटणं हा आळस झाला, आणि मराठी समीक्षेत हा आळस कमी नाही. नवऱ्याच्या संतापाला 'त्याला बोलता येत नाही, पण मनानं चांगला आहे' असं पांघरूण घालणारी कितीतरी घरं आपल्याला माहीत आहेत. तिथं मला टोरंटोची बाजू घ्यावीशी वाटते.

मग फरक कसा ओळखायचा? खुणा करून तो ओळखता येत नाही. ज्याला स्वतःचं कळत नाही त्यालाच 'तुला स्वतःचं कळतं का' विचारणं यातली अडचण मापनीकर्त्यांनाही दिसत होती. म्हणून २००६ साली त्याच मंडळींनी प्रत्यक्ष मुलाखतीची पद्धत काढली, तिच्यात उदाहरण द्यायला सांगतात. मला ही सुधारणा फार मोलाची वाटते, कारण उदाहरण मागितलं की गोष्ट सुरू होते. आणि गोष्ट सुरू झाली की मराठी माणूस भावनेचं नाव न घेता पुष्कळ सांगतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. १८९५ साली टिळकांनी धर्मांतर केलं. त्यानंतरच्या वर्षांबद्दल त्या लिहितात तेव्हा कोण काय बोललं, कोण कुठं बसलं, काय शिजलं, हे येतं, विनोदही येतो. माझ्या वाचनात भावनांची नावं तिथं फार थोडी आहेत. कुणी त्या पानांतले शब्द मोजून पातळी काढली तर ती खालची निघेल. दहा पानं वाचून या बाईला आपलं आणि दुसऱ्याचं दुःख वेगवेगळं कळत होतं का, असं विचारलं तर कुठलाही वाचक होच म्हणेल.

राहता राहिलं वाराणसीच्या त्या हिंदी भाषांतराचं काम. त्याकडे मी आदरानं पाहते. या शहरात हिंदीसाठी शब्द घडवण्याची परंपरा जुनी आहे. नागरी प्रचारिणी सभा १८९३ मधली, तिनं विज्ञानाचा हिंदी कोश विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच काढला. 'आज'चे संपादक बाबूराव विष्णु पराडकर मराठी घरातले, जन्म काशीचा. 'मुद्रास्फीति'सारखे शब्द हिंदीत रुळवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. पण चलनाच्या फुगवट्यासाठी शब्द घडवता येतो, कारण तिथं वस्तू नवी होती. जीव घाबरण्यासाठी शब्द घडवायचा नसतो. तो आधीच गल्लीत असतो. हिंदीत 'घबराहट' म्हणणारी बाई धडधड आणि धास्ती एका श्वासात सांगते. तिला 'आधी शरीराचं सांग, मग मनाचं' असं म्हणणं म्हणजे तिच्या शब्दाचे दोन तुकडे करणं.

म्हणून मराठीत असं काम करायला बसणाऱ्यांसाठी एक सूचना आहे, आणि ती समीक्षकाची नसून भाषांतरकाराची आहे. मित्रांना सांगण्याबद्दलचं ते एक विधान मोडून त्याची चार विधानं करा: शब्द सापडत नाहीत, सांगवत नाही, सांगावंसं वाटत नाही, सांगू नये असं वाटतं. उलट-भाषांतरात ती जुळणार नाहीत, जुळू नयेत. आणि लेन-श्वार्ट्झ पद्धतीच्या चाचणीसाठी मराठी शब्दांची पातळीवार यादी कुणी करायला घेतली, तर 'हुरहूर', 'काहूर', 'घालमेल', 'कालवाकालव' आणि 'कसंनुसं' हे पाच शब्द आधी घ्या. यांतला 'कसंनुसं' तर मला नेमकं काय होतंय ते मला ठाऊक नाही, एवढंच सांगतो. सिफनिऑसना ज्यासाठी ग्रीक शब्द जुळवावा लागला त्यासाठी मराठीत घरगुती शब्द आधीपासून आहे. तो वापरणाऱ्याला कितवी पातळी द्यायची, हे त्या यादीच्या संपादकांनी ठरवावं.